शेवटच्या मगात चहा नसायचा

आमच्या घरात देवघर नव्हतं, छापील पत्रकांचे, म्हणजे पर्च्यांचे, गठ्ठे होते. वडील युनियनचं काम करत. त्या पर्च्यांवरच मी अक्षरं गिरवली. नजर, करणी, भूतबाधा — असलं काही कोणी बोललं की मी तिथल्या तिथे भांडायचो. आजही भांडेन. तरी हे लिहितो आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे सरळ उत्तर असेल तर मला ते हवं आहे.

बांगलादेशच्या लढाईचे दिवस. जबलपूरच्या एका कारखान्यात मी पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो... नाव मुद्दाम लिहीत नाही. ओव्हरटाइमला अंत नव्हता, सुट्ट्या बंद. आत स्टोव्ह पेटवायला मनाई, म्हणून दुपारचा चहा कुंपणाबाहेर चिंचेखाली व्हायचा. करायचे नाना, आमच्या सेक्शनचे सगळ्यात जुने फिटर. त्यांच्याकडे गोऱ्या फौजेच्या वेळचा पितळी कॅम्प-स्टोव्ह होता, मिलिटरीच्या लिलावातला. पंप मारला की फुरफुरायचा. त्याच लिलावात मिळालेली तांब्याची किटली, आतून कल्हई केलेली. आम्ही आपापले मग घेऊन रांगेत उभे राहायचो.

एके दिवशी रांगेतल्या शेवटच्या माणसाला चहा उरला नाही. वेल्डर होता. आम्ही हसलो. संध्याकाळच्या आत त्याच्या पायावर लोखंडी पेटी पडली आणि पाय कापावा लागला. काही दिवसांनी परत चहा कमी पडला. तेव्हा शेवटी पेंटर होता... त्याचा डोळा गेला. तिसऱ्या वेळेनंतर कोणी हसलं नाही.

मी किटलीत साधं पाणी भरून सगळ्यांचे मग भरून दाखवले. पाणी उरलं. कुठे गळती नव्हती. पण चहा एखाद्या दिवशी कमी पडायचाच. नाना हात आखडून अर्धे मग ओतायचे, तरी त्या दिवशी शेवटच्याच्या मगात थेंब नाही!

"मग चहाच बंद करा ना," मी म्हटलं.

लेथवरचा खरादवाला वानखेडे म्हणाला, "अन् नंबर कोणाचा हे कसं कळन, पर्चेवाले? आता एकाचाच जीव टांगणीले राहते. चहा बंद केला तं सगळ्यांचा राहीन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे माझे युनियनचे भाऊ! दुसऱ्या दिवसापासून पुढच्या जागेसाठी कोपरं मारणं सुरू झालं.

त्याच सुमारास सिहोऱ्याचा रामदीन टेंपररी म्हणून लागला, माझ्याच प्रेसवर. वानखेडे त्याला फार गोड आवाजात म्हणाला, "नया आदमी पीछे, भैया. यहाँ का कायदा है."

"जी," रामदीन म्हणाला आणि मागे जाऊन उभा राहिला.

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "भैया, हमको पक्का होना है. चाय के लिए झगड़ेंगे तो कल गेट पर ही रोक देंगे."

मग मीच त्याच्या मागे उभा राहू लागलो.

"काहून बे, शहीद व्हाचं आहे का?" वानखेडेने विचारलं.

"तुझ्यासारखं जगण्यापेक्षा बरं."

काही दिवस चहा पुरला. मग एका दुपारी नानांनी रामदीनचा मग भरला आणि किटली माझ्या मगावर वाकवली. काही नाही. झाकण काढलं, तर आत नुसती कल्हई चमकत होती. स्टोव्ह फुरफुरत होता. माझ्याकडे कोणी बघेना, पण सगळ्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

रामदीन वळला. "अरे, आप का खाली? आधा-आधा कर लेते हैं ना."

मी नको म्हणायच्या आत त्याने अर्धा चहा माझ्या मगात ओतला. जे असेल ते वाटून खायचं, हे मी लहानपणापासून वाचत आलो होतो. मी प्यायलो. चांगला कडक होता.

चहानंतर प्रेसमध्ये पत्रा अडकला. मी मोटर बंद केली. प्रेस ज्या चाकावर चालतो ते थांबेपर्यंत आम्ही वाट पाहिली, मग दोघांनी दोन बाजूंनी हात घातले. प्रेस खाली आला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, माझ्या उजव्या हाताची दोन. तीच दोन... एकाच पेरापासून.

साहेब म्हणाले, चाक फिरत असणार. लढाई लागल्यापासून काम वेगाने व्हावं म्हणून प्रेसची हात वाचवणारी जाळी काढून ठेवली होती, हे खरं आहे. त्यावर मी पर्चा लिहिला, डाव्या हाताने. पण चाक थांबलेलं होतं. त्याच्या आऱ्यांमधून मला पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

नाना दवाखान्यात आले तोवर रामदीनला कामावरून काढून घरी पाठवून झालं होतं. टेंपररीच तो.

"आता बरं आहे, बापू," नाना म्हणाले. "रोज सगळ्यायले पुरून राहिला चहा."

"शेवटी कोण उभं राहतं?"

"रामदीनचा भाऊ. त्याच्या जागेवर घेतलं न त्याले."

"त्याला सांगितलं कोणी?"

नानांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "काहून सांगन कोणी? खुश आहे तो. रोज भरून मग भेटते त्याले."

मी दवाखान्यातून त्या भावाला दोनदा निरोप धाडला. तो आला नाही. चहा अजून होतो, असं ऐकतो. त्या दुपारी किटली रिकामी कशी झाली आणि थांबलेला प्रेस खाली कसा आला, हे मला कळलेलं नाही. बाकीचं सगळं कळलं आहे.