मूळ गावाचा रकाना

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या मराठी वधू-वर मंडळात नवा कॉम्प्युटर आला आणि नेमकी मेळाव्याच्या आदल्या दिवशी स्थळांची यादी उघडेना. पडद्यावर एकच हेका : लायब्ररी सापडत नाही! दुकानवाल्याने एक मेकॅनिक पाठवला. कीबोर्डला हातही न लावता, हाताची घडी घालून तो म्हणाला, "पहले किस मशीन पर चलता था?"

मी कोपऱ्यातला जुना डबा दाखवला. मग त्याने प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची, म्हणजे मदतनीस फायलींची, यादी उघडली. एका ओळीपुढे 'मिसिंग' लिहिलेलं!

"बिगड़ा कुछ नहीं, काकाजी. ये पुराने घर में सामान ढूँढ रहा है."

त्याने त्या ओळीवरची खूण काढली, या मशीनवर असलेल्या लायब्ररीवर केली, आणि धडाधड सगळी स्थळं हजर! मी तर टाळ्याच वाजवल्या.

तेवढ्यात तो लाजत, चक्क मराठीत म्हणाला, "काका, एक फॉर्म मलाही द्या ना."

त्याचं नाव आज आठवत नाही. पण मूळ गावाच्या रकान्यात, जिथे आम्ही सगळे कधी न पाहिलेलं वाई नाहीतर सातारा लिहितो, तिथे त्याने बेधडक लिहिलं होतं : उज्जैन.