कांग्याच्या काठावरची ओळ

देवोता माझ्या दुकानात कधी बसली नाही. गिऱ्हाइकांसाठी स्टूल आहे, पण ती उभ्यानेच बोलायची, एक पाय हलवत, पेनाचं टोपण काढत आणि लावत. टांझानियातल्या मोरोगोरो गावात, बाजारामागे माझं वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि गेली सहा वर्षं ती तिथे येते. वय चौतीस. सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात पुसायचं काम. नर्सबाई औषधांचा ट्रे घेऊन पुढे, देवोता बादली घेऊन मागे.

"ताई, मला बादलीच्या पुढे चालायचंय," ती म्हणायची. एवढंच तिचं मागणं.

नर्सिंगच्या शाळेत जायला चौथ्या फॉर्मची, म्हणजे इथल्या अकरावीची, परीक्षा पास व्हावी लागते. बाप वारला तेव्हा देवोताची शाळा दुसऱ्या फॉर्ममध्येच सुटली होती. मोठेपणी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन, बाहेरून परीक्षा देऊन तिने एकेक विषय सोडवत आणला. राहिलं जीवशास्त्र. त्यात ती दोनदा नापास झाली. आता नोव्हेंबरात तिसऱ्यांदा बसायची होती, आणि दवाखान्याच्या मुख्य बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, परीक्षेची रजा ही शेवटची.

यात गंमत अशी, की तिच्या जीवशास्त्राच्या वह्यांसारख्या वह्या अख्ख्या वस्तीत नव्हत्या. चार जाड वह्या. मथळे लाल शाईने, व्याख्या निळ्या, आकृत्या पेन्सिलीने काढून वर रंगीत खडू फिरवलेला. मास्तरांनी फळ्यावर लिहिलेला एकही शब्द सुटलेला नाही. दर वर्षी ती त्या नव्या वह्यांत पुन्हा उतरवायची, जास्त सुबक अक्षरात. शाळेची मुलं त्या मागून आणायची आणि माझ्याकडे झेरॉक्स काढायची. त्या झेरॉक्सवर किती मुलं पास झाली, मी मोजलं नाही. नापास फक्त देवोता व्हायची.

"तुझ्या हाताला गुण आहे, फक्त तो तुला लागत नाही," मी एकदा म्हटलं.

"हसा तुम्ही."

मी हसत नव्हते. मी मराठी शाळेतली. अकरावीला विज्ञान एकदम इंग्रजीत आलं तेव्हा मीही पानंच्या पानं उतरवली होती, आणि पेपरात 'का ते सांगा' आलं की 'म्हणजे काय' लिहून आले होते. इथल्या मुलांचं तेच होतं. सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत, आणि एका सुट्टीनंतर सगळं इंग्रजीत. मग हात लिहितो आणि डोकं दारात उभं राहतं.

सप्टेंबरच्या शेवटी शेजारणीची मुलगी शुकुरू देवोताच्या चारही वह्या दोन दिवसांसाठी घेऊन गेली. शुकुरूही त्याच परीक्षेला बसणार होती. दोन दिवसांचे सहा झाले. सातव्या दिवशी देवोता तिच्या दारात गेली, तर शुकुरूची आई शांतपणे पालक निवडत होती.

"शुकुरू तर गेली गं परवा बोर्डिंगला. वह्या तिच्या पेटीतच गेल्या बहुतेक."

"परवा? आणि मला आज सांगतेस?"

"तू आज विचारलंस."

"परीक्षेला पाच आठवडे राहिलेत, शुकुरूच्या आई."

"मग काय झालं? तुला तर तिसरं वर्ष आहे. आतापर्यंत पाठच झालं असेल ना सगळं."

बोर्डिंग डोडोमाच्या रस्त्याला, बसने अर्धा दिवस. देवोताने फोन केला, तर परीक्षेआधी मुलींना फोन देत नाहीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शुकुरूची आई नळावर आली ती नवा कांगा नेसून. कांगा म्हणजे इथल्या बायकांचं रोजचं नेसू. चारी बाजूंनी काठ, मधे मोठं चित्र, आणि चित्राखाली छापलेली एक ओळ. तोंडाने जे बोलता येत नाही ते बायका त्या ओळीने बोलतात. या कांग्यावर ओळ होती, 'वाट विचारत बसलीस, गाडी निघून गेली.'

देवोता तिथून तडक दुकानात आली. मी नुकती देवापुढे उदबत्ती लावली होती.

"वाचलंत तुम्ही? तुम्हाला दिसला तो कांगा?"

"दिसला."

"माझ्यासाठीच नेसली ती. माझ्या वह्या लेकीच्या पेटीत आणि वर मला कांगा दाखवते. मी विचारलं तोंडावर. तर काय म्हणते, 'बाई, मी कपडा नेसले, तुला पत्र नाही लिहिलं.'" ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती. दुकान आठ पावलांचं. "दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा नापास झाले तेव्हा काय नेसली होती माहितेय? 'उंच फांदीचा आंबा, बुटक्याला वास पुरे.' आणि दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा, 'नवा झाडू चार दिवस.' काठ हिरवा, मधे काजू, काजूचे देठ पिवळे. सगळं आठवतंय मला."

मी कागदाचा गठ्ठा ठेवला. "देवोता, तिच्या तीन ओळी तुला काठासकट पाठ आहेत."

"असणारच."

"तू त्या किती वेळा उतरवून काढल्यास?"

ती थांबली. पायसुद्धा थांबला. मग म्हणाली, "तिने मला टोचलं म्हणून लक्षात राहिलं."

"मग जीवशास्त्राने टोचलं पाहिजे."

ही अक्कल माझी नव्हे, तिच्याच रागातून आलेली. मी फक्त मशीनमधून खराब निघालेल्या झेरॉक्सच्या कागदांचा एक गठ्ठा तिच्यापुढे सरकवला, मागची बाजू कोरी. वह्या नव्हत्याच, तेव्हा उतरवायचं कशावरून? जे डोक्यात आहे तेच कागदावर येणार होतं. तिने काउंटरवर उभ्यानेच चारी कडांनी काठ ओढला, मधे हृदय काढलं, चार कप्पे केले, आणि पेन्सिल हवेत धरून राहिली.

"डावी बाजू जाड असते."

"का?"

"जाड असते असं वहीत होतं."

"वही डोडोमाच्या रस्त्याला आहे. का जाड असते?"

तीन वर्षं ते वाक्य तिने निळ्या शाईने लिहिलं होतं आणि 'का' हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. चिडून ती निघून गेली. दोन तासांनी परत आली, संध्याकाळच्या वर्गाच्या कपाटातलं पुस्तक बघून.

"उजवी बाजू रक्त फुप्फुसात पाठवते. फुप्फुस शेजारीच. डावी अख्ख्या अंगात पाठवते, पायाच्या नखापर्यंत." आणि चित्राखाली तिने कांग्यासारखी ओळ लिहिली, स्वाहिलीत. 'शेजारी जायला चप्पल पुरते, गावाला जायला दम लागतो.'

मी ती मोठ्याने वाचली. ती हसली, आठवडाभरात पहिल्यांदा.

मग तिला नादच लागला. एका धड्याला एक कांगा. मूत्रपिंडाला, 'आधी सगळं अंगणात टाक, मग कामाचं घरात घे.' पेशीत पाणी कसं शिरतं त्याला, 'ज्याच्या घरी मीठ जास्त, पाणी त्याच्याकडे.' ही ओळ दवाखान्यातल्या बायकांना इतकी आवडली की कोणीतरी ती सवतीबद्दल वापरायला लागलं.

पण सवय जात नाही. चौथ्या दिवशी तिने पचनाचा कागद आणला, तर काठावर काजू, काजूंना पानं, पानांना शिरा, हिरव्या पिवळ्या शाईने. सुट्टीचे दोन दिवस त्यातच गेले होते.

"हे काय?"

"काठ."

"आणि पित्त कुठे तयार होतं?"

तिने कागद उलटा करून ठेवला.

"देवोता, तू परत नक्षी काढायला लागलीस."

"रंगवताना बरं वाटतं हो ताई. हात चालतो तेव्हा वाटतं, अभ्यास चाललाय."

ते तिने इतकं खरं सांगितलं की मला पुढे रागावता आलं नाही. रंगीत पेनं तिने माझ्याकडेच ठेवायला दिली. तेव्हापासून एक पेन्सिल, एक पान. आधी पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं काढायचं. मग पुस्तक उघडून जे सुटलं तेवढंच पेनाने भरायचं, म्हणजे पेनाने लिहिलेलं दिसलं की कळावं, आपण कच्चे इथे आहोत. काठात फक्त इंग्रजी नावं, एकेक शब्द, कारण पेपरात ती लागणार. खाली स्वाहिली ओळ. आणि मागे, छापील बाजूच्या कोऱ्या जागेत, एक 'का' आणि त्याचं तीन वाक्यांत इंग्रजी उत्तर. ही इंग्रजी वाक्यं तिला सगळ्यांत जड गेली. दोनदा तिने कागद चुरगळून टाकला आणि दोनदा उचलून सरळ केला.

कागद घडी करून ती कांग्याच्या गाठीत ठेवायची. वॉर्ड पुसताना एक काढायचा, नुसती ओळ बघायची, बाकीचं बादलीला सांगायचं. एकदा मुख्य बाईंनी विचारलं, "कोणाशी बोलतेस?" तर म्हणाली, "मूत्रपिंडाशी." तीन दिवसांनी सगळे कागद पुन्हा कोऱ्या कागदावर आठवायचे. जे आठवले ते उशीखाली, जे नाही ते परत गाठीत. ऑक्टोबर संपताना गाठीत अकरा होते. परीक्षेच्या आदल्या रविवारी, चर्चमधून परतताना तिने गाठ सोडून दाखवली, तर दोन.

"कुठले?"

"अनुवंश. आणि झाडं. झाडांचं मला काही घेणंदेणं नाही ताई, ती दवाखान्यात येत नाहीत."

पेपरच्या दिवशी मी सकाळी देवापुढे जरा जास्त बसले. तिच्या नावाने मागायचं म्हटलं तर काय मागायचं, ते सुचेना. शेवटी एवढंच मागितलं, की तिला आज घाई होऊ देऊ नको.

पेपर संपल्यावर ती दुकानात आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा डोळे सुजलेले.

"हृदय आलं होतं. डावी बाजू जाड का. मी लिहिलं. पण ताई, घाबरून आधी स्वाहिलीत ओळ लिहून टाकली, चप्पल आणि दम, आणि मग खोडली. खोडलेलं दिसतंय. तपासणारा म्हणेल, ही काय वेडी आहे."

"खाली इंग्रजीत लिहिलंस ना?"

"लिहिलं. तीन वाक्यं."

"मग त्याला तेवढीच वाचायची आहेत."

पण तिची समजूत पटेना. डिसेंबर आणि जानेवारी ती त्या एका खोडलेल्या ओळीवर जगली. दुकानात यायची, पाय हलवायची, निकाल कधी म्हणायची, जायची, परत यायची. मीही काही शांत नव्हते. दोनदा तर गिऱ्हाइकाला चुकीच्या पानाच्या वीस प्रती काढून दिल्या.

निकाल जानेवारीच्या शेवटी दुपारी लागला. कॉम्प्युटरवर पान उघडेना, सगळा देश तेच पान उघडत असणार. देवोताने माझा झाडू घेतला आणि दुकानापुढचा रस्ता झाडायला लागली. झाडलेलंच पुन्हा झाडलं. पान उघडलं तेव्हा मी तिचा नंबर तीनदा पडताळून पाहिला. जीवशास्त्र, डी. वरचा नाही, खालचा नाही, नर्सिंगच्या शाळेला लागतो तेवढा बरोबर.

"ताई, वाचा ना."

"डी."

"नीट बघा."

"नीट बघितलं. ये, तूच बघ."

ती आत आली, पडद्यावर बोट ठेवलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या स्टुलावर बसली. छातीवर क्रूस केला.

संध्याकाळी शुकुरूची आई चारही वह्या घेऊन दुकानात आली. शुकुरूला सी मिळाला होता.

"घे गं तुझ्या वह्या. मुलीने जपून ठेवल्या. चांगल्या आहेत हो."

"राहू दे तिच्याकडेच," देवोता म्हणाली. "किंवा भजी बांधायला घे."

"तोंड काही नर्सबाईसारखं झालं नाही अजून." असं म्हणून तिने पिशवीतून नवा कोरा कांगा काढला आणि काउंटरवर टाकला. कांगे जोडीने विकतात, दोन सारखे तुकडे. इथे एकच होता. दुसरा शुकुरूच्या आईच्या कमरेला होता. ती मागे वळली आणि निघून गेली.

देवोताने तो उलगडला. काठ निळा, मधे ताटं, आणि खाली ओळ. 'उशिरा का होईना, पान वाढलंच.'

ती उठून उभी राहिली. पाय पुन्हा हलायला लागला.

"ताई, हा टोमणा आहे की कौतुक?"

मी ओळ दोनदा वाचली.

"तीही तोच नेसून गेली," मी म्हटलं.

"हो, पण 'उशिरा' का लिहिलंय?"