धोटा सरळ गेला

आमच्या शहापुरात अमावास्येला माग बंद असत. एरवी गल्लीत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंनी फण्यांचा आवाज यायचा. त्या दिवशी मात्र बोलणाऱ्याला आपलाच आवाज मोठा वाटे. माझे वडील, आप्पा, सकाळी मागाला तेल घालत, फणी पुसून ठेवत आणि मग दिवसभर कशाला हात लावत नसत. हात मांडीवर ठेवून कट्ट्यावर बसत. मागाला विसावा, तसा हातालाही.

मी मराठी शाळेत असताना एका अमावास्येला पुस्तक मिटून कट्ट्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. ते म्हणाले, "माग बंद हाय. तुला काय झालं?"

मी म्हणालो, मलाही अमावास्या.

आप्पा हसले. "बसून तर असतोस रं. बसायला सुट्टी कशाची?"

त्यात रागावणं नव्हतं. आमच्या घरात काम म्हणजे हातापायांचं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायच्या आणि धोटा या हातातून त्या हातात फेकायचा, हे काम. पुस्तक वाचणं ही बसण्याची एक तऱ्हा. मी उठून आत गेलो. घर शांत असे म्हणून पुढे अमावास्येलाच माझा अभ्यास जास्त होऊ लागला.

मॅट्रिकला पहिला आलो, कोल्हापुरात इंटर झालो. डॉक्टरकीला जागा मिळाली नाही, म्हणून मुंबईला दंतवैद्यकाला गेलो. गल्लीत त्याची फार चेष्टा झाली. शनिवारच्या बाजारात पिंपळाखाली एक माणूस चिमटा घेऊन बसत असे. लोक आप्पांना विचारायचे, त्यो तर शाळा न शिकता दात काढतोय, तुमचा एवढी वर्षं काय शिकणार हाय? आप्पा सांगत, आमचा काढणार न्हाय, राखणार हाय. हे वाक्य मीच त्यांना सांगितलं होतं. ते त्यांना फार आवडलं होतं.

माझी अभ्यासाची रीत हिशेबाची होती. परीक्षेला उरलेल्या दिवसांना उरलेल्या प्रकरणांनी भागायचं आणि येईल ते उत्तर रोज पुरं करायचं. एखादा दिवस बुडाला तर पुन्हा भागाकार करायचा. वर्गात माझा पहिला नंबर असे. दुसरा नंबर निपाणीच्या एका मुलाचा. त्याच्या वडिलांची तंबाखूची वखार होती, आणि तो स्वतः विडीही ओढत नसला तरी त्याच्या कोटाला कायम तंबाखूचा वास यायचा. एकदा त्याने माझा कागद उचलून पाहिला आणि विचारलं, "ह्यात झोप कुठल्या रकान्यात लिहिलीस, लेका?"

मी म्हणालो, उरली तर लिहीन.

तो दुपारी जेवून झोपायचा. संध्याकाळी चौपाटीवर जायचा. पुस्तक एकदाच वाचायचा, पण वाचताना बोललेलं त्याला ऐकू येत नसे. त्याचा दुसरा नंबर हा निव्वळ योग आहे असं मला वाटे. माझा पहिला नंबर मात्र मला योग वाटत नसे.

आमच्या अभ्यासात हाताचा भाग मोठा होता. प्रत्येक दात मेणात कोरून दाखवावा लागे. दाढेचे उंचवटे, मधल्या खाचा, मुळांचा बाक, सगळं पुस्तकातल्या मापाला उतरलं पाहिजे. लढाईमुळे मेण मिळेना, तेव्हा आम्ही खडूच्या जाड कांड्या कोरू लागलो. खडू मेणासारखा ऐकत नाही. थोडा जोर जास्त झाला की टवका उडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून कोरणी फार घट्ट आणि फार जपून, दोन्ही एकदम, धरावी लागे.

शेवटच्या वर्षी मुंबईत चळवळीची गडबड सुरू झाली आणि कॉलेज बंद पडलं. परीक्षा पुढे गेली, किती पुढे ते कुणी सांगेना. मी शहापुरात परत आलो. मला वाटलं, इतरांचा वेळ वाया जातो आहे आणि माझा वाढतो आहे. माळ्यावर खिडकीपाशी पाट मांडला आणि सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत खडू कोरू लागलो. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून दिवसाचा उजेड दवडायचा नाही असा नेम केला. जेवायला खाली जात होतो, बाकी नाही. पुढे आई ताट वरच पाठवू लागली.

निपाणीचा मित्र काही आठवडे आमच्याकडे राहायला आला, दोघं मिळून उजळणी करू म्हणून. सकाळी तो माझ्याबरोबर बसायचा. दुपारी अनगोळच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला जायचा आणि ओल्या केसांनी येऊन आप्पांच्या मागापाशी बसायचा. आईशी त्याच्या गप्पा चालत. खालून हसण्याचा आवाज आला की मी खिडकी लावून घेत असे. आई एकदा म्हणाली, "त्यो बी तुझ्याच वर्गात हाय न्हवं? मग त्येला कसं हसायला येतंय?"

खडू पहिल्यांदा तुटला तेव्हा मी खडूला दोष दिला. ओलसर असेल म्हटलं. मग रोज तुटू लागला. कोरणी हातात घेतली की अंगठा आपोआप तळव्याकडे वळे, पहिलं बोट दाबून धरे आणि मनगट बाहेरच्या बाजूला फिरे. कोरणी खाली ठेवली की हात पुन्हा नेहमीसारखा. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. मी अंगठ्याला दोरा गुंडाळून तो सरळ ठेवू लागलो.

मित्राने दोरा पाहिला. म्हणाला, "हात दाखव."

मी दाखवला. रिकाम्या हातात पाहण्यासारखं काही नव्हतं. तो म्हणाला, आता कोरणी धर. मी धरली. त्याने बराच वेळ पाहिलं आणि माझी बोटं एकेक करून उघडली.

"हे ठेव खाली. पुस्तक वाच, पाठ कर, काय पायजे ते कर. पण हात लावू नकोस. ह्या खेपेला परीक्षा न्हाय दिलीस तरी चालंल."

मी म्हणालो, तू पहिला येशील, तुला चालेल.

तो चिडला नाही. खाली गेला आणि आप्पांशी बोलला. मी जिन्यातून ऐकत होतो. हाताला विसावा हवा आहे, नाहीतर हा हात जाईल, असं त्याने सांगितलं. आप्पांना आधी समजेना. वर बसून मुलगा वाचतो आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. मग मित्र म्हणाला, "आप्पा, मागाला अमावास्या हाय. ह्याच्या हाताला कुठली?"

आप्पांनी माग थांबवला. अमावास्या नसताना आप्पांनी भरदिवसा माग थांबवल्याचं मला तेवढंच आठवतं. ते वर आले. पाटाभोवती साचलेला पांढरा भुगा आणि खिडकीत मांडलेल्या खडूच्या दाढा त्यांनी पाहिल्या. मग माझा हात हातात घेऊन त्यांनी मनगट, कोपर, बोटांची पेरं दाबून पाहिली, आणि म्हणाले, खाली चल.

आमच्या विणकरांत हात पाहण्याची एक रीत आहे. कुणी म्हणालं की माझा हात चालत नाही, तर जुना कारागीर त्याला मागावर बसवतो आणि धोटा देतो. उघडलेल्या सुतातून धोटा एकाही धाग्याला न लागता पलीकडच्या हातात पडला तर हात चांगला. लागला, तर हाताला तेल लावून त्याला घरी बसवायचं. आप्पांच्या वडिलांनी असेच हात पाहिले होते, आप्पांनीही पाहिले होते, आणि ते कधी चुकल्याचं कुणी सांगत नव्हतं. गल्लीत वैद्यापेक्षा या परीक्षेवर भरवसा जास्त होता.

मी खड्ड्यात पाय सोडले. पावडी दाबली, सूत उघडलं. लहानपणी शिकलेलं होतं, विसरलो नव्हतो. उजव्या हाताने धोटा फेकला. तो सरळ गेला. परत डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून. आप्पांनी कान देऊन ऐकलं, कारण धागा तुटला तर तो दिसण्याआधी ऐकू येतो. धागा तुटला नाही.

"चांगला हाय की," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "धोटा टाकतोय तो हात खडू का धरायचा न्हाय? घाबरलाय पोरगा. परीक्षा जवळ आली की हुतंय तसं."

मलाही इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आईने त्या दिवशी गूळ घालून शेवया केल्या. मित्रही जेवला. दोन दिवसांनी तो निपाणीला गेला. जाताना म्हणाला, "आप्पांनी धोट्याचा हात बघितलाय. कोरणीचा न्हाय."

मी त्याला म्हणालो, हात एकच आहे. तो गेल्यावर पुन्हा माळ्यावर खडू कोरायला बसलो.

मग कॉलेज सुरू झालं आणि परीक्षा लागली. लेखी पेपर माझे उत्तम गेले. कुठे काही राहिलं असं मला आजही आठवत नाही. तोंडी परीक्षेत एका परीक्षकाने शेजारच्याला सांगितलं की हा मुलगा पुस्तक लिहू शकेल. राहिला हाताचा भाग. खुर्चीवर गिरणीतला एक माणूस होता. त्याच्या खालच्या दाढेत कीड होती. ती कोरून साफ करायची आणि भरायची. कोरण्याचं यंत्र पायाने चालवायचं असे, आणि त्या पायाच्या तालाबद्दल वर्गात माझं नेहमी कौतुक व्हायचं. विणकराचा पाय म्हणत. पाय ठीक चालू लागला. हातात यंत्राची दांडी घेतली आणि अंगठा आत वळला. मी दांडी ठेवली, हात झटकला, पुन्हा घेतली. अंगठा वळला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. त्या माणसाने तोंड उघडं ठेवलं होतं. त्याला वाटलं असेल की हे असंच असतं. बराच वेळ तो तसाच राहिला, आणि मी त्याला तोंड मिटा असंही म्हणालो नाही. शेवटी परीक्षकांनी त्याला दुसऱ्या खुर्चीवर पाठवलं.

मी पुन्हा एकदा परीक्षेला बसलो. पुन्हा तेच झालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. हातात बळ आहे, नसा चांगल्या आहेत म्हणाले, आणि विश्रांती सांगितली. विश्रांती घेतली. कोरणी धरली की अंगठा आत.

निपाणीचा मित्र पहिल्याच खेपेला पास झाला होता. पहिला नंबर त्याचाच आला. त्याने पत्रात ते लिहिलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं.

मी शहापुरात परत आलो तेव्हा लोकांना काय सांगावं हा प्रश्न होता. हात गेला म्हणावं तर हात दिसत होता. मी पाणी शेंदत होतो, जेवत होतो, पत्रं लिहीत होतो. आणि धोटा सरळ गेल्याची गोष्ट आप्पांनीच आनंदाच्या भरात सगळ्या गल्लीला सांगून ठेवली होती. हात चांगला आहे हे सिद्ध झालेलं होतं. म्हणजे दुसरं काहीतरी असणार. अभ्यास झाला नसणार. मुंबईला वेळ भलतीकडे गेला असणार. शेजारी तोंडावर काही बोलत नसत, फक्त वाटेत भेटले की माझ्या हाताकडे बघत.

घरातही कुणी विचारलं नाही. आप्पा पहाटे मागावर बसत, मी माळ्यावर. एका अमावास्येला ते तेलाची वाटी घेऊन वर आले. मागाला तेल घालून झालं होतं, वाटीत थोडं उरलं होतं. माझ्यासमोर बसले.

"खरं सांग रं. भ्यालास व्हय?"

त्या प्रश्नात राग नव्हता. भ्यालो असतो तर त्यांना समजलं असतं. भीतीवर काहीतरी करता येतं. ते उत्तराची आशा धरून बसले होते, आणि मी व्हय म्हणावं एवढीच ती आशा होती.

मी खिडकीतला खडू घेतला आणि कोरणी उचलली. हात त्यांच्या डोळ्यांपुढे वळला. खडू मोडला. मी दुसरा घेतला, तोही मोडला. आप्पांनी हात पुढे करून मला थांबवलं. कोरणी काढून घेतली तशी बोटं आपली आपण सरळ झाली. ती सरळ होताना त्यांनी पाहिली. मग त्यांनी वाटीतलं तेल घेऊन माझा हात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत चोळायला घेतला. निम्म्यात ते थांबले. त्यांनी इतके हात चोळले होते की काही उपयोग नाही हे त्यांच्या बोटांनाच कळलं असावं. उरलेलं तेल त्यांनी आपल्या धोतराच्या टोकाला पुसलं.

"आमी धोटा दिला तुला," ते म्हणाले.

आज मी टिळकवाडीत राहतो आणि एका कचेरीत हिशेब पाहतो. लेखणीला हात अडत नाही. गेल्या वर्षी मुलीची दाढ दुखू लागली. मी तिला उजेडात बसवून पाहिलं. कीड कुठे आहे, किती खोल गेली आहे, कुठून कोरायला घ्यायची, सगळं दिसलं. तिला घेऊन निपाणीला गेलो. मित्राने तिला खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाला, तू सांग, मी करतो. मी सांगितलं तसं त्याने केलं. त्याचा हात साधाच होता, घाई नव्हती.

पण तेव्हा, त्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, मी उठून खाली गेलो आणि आप्पांच्या शेजारच्या मागावर बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. शेजारचे काका रस्त्यावरून जाता जाता दारात थांबले. मी धोटा टाकत होतो आणि तो सरळ जात होता.

"पोरगा मागावर बसला व्हय, आप्पा? हात बरा झाला म्हणायचा."

आप्पांनी माग थांबवला नाही. मान खाली होती.

"हात चांगलाच हाय त्येचा," ते म्हणाले. "पयल्यापास्नं चांगला हाय."