वाक्य सुधारलं, त्याची गोष्ट

"आला, का येऊन राहिला?"

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या आमच्या प्राथमिक शाळेत पाणी भरणारी मावशी रागावलेल्या पोराला एवढंच विचारायची. कोणी मारलं, काहून मारलं, हे नाही. ओले हात पदराला पुसत त्याच्यासमोर उकिडवी बसायची आणि राग आला, की अजून येऊनच राहिला, ते विचारायची. पोरगं रडायचं थांबून विचारात पडायचं.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. मी नवाच मास्तर होतो. दुसरीतला एक पोरगा इतरांना चावायचा. छडीनं माझा हात दुखला, त्याचं चावणं थांबलं नाही. मावशीनं विचारल्यावर तो म्हणाला, "येऊन राहिला."

"मंग येऊ दे. मी बसून आहो."

दोघं रांजणापाशी बसून राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं कळवलं, की आता जाऊन राहिला. जाताना काही सांगून गेला का, असं मावशीनं विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं, की बाप मायले मारते.

मी मास्तरांच्या खोलीत तिची नक्कल करायचो. सगळे हसायचे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, आणि त्याला हसणारा माझ्यासारखा एखादाही असेल.

आमचं राज्य हिंदीचं. निदान आमची मराठी तरी शुद्ध असावी, हा माझा हट्ट होता. मावशीमुळे पोरं अशुद्ध बोलतात, रडण्याचं निमित्त करून तास बुडवतात, अशी तक्रार मी हेडमास्तरांकडे केली. एकदा नाही, तीनदा. दिवाळीनंतर ती कामावर नव्हती. लेकीकडे रामाकोन्याला गेली, असं कळलं.

तिसरीत एक मुलगी होती. पावसाळ्यात तिची आई वारली, तेव्हापासून वर्गात ती एक अक्षर बोलली नव्हती. रडलीही नव्हती. मधल्या सुट्टीत मावशीला टेकून बसायची, तेवढंच. मावशी गेल्यावर पंधरा दिवसांनी, मी फळ्यावर लिहीत असताना, ती आपणहून उभी राहिली.

"गुरुजी, मले रडू येऊन राहिलं."

मी वळून म्हणालो, "मला रडू येत आहे. म्हण."

तिनं हात सरळ ठेवले आणि म्हटलं, "मला रडू येत आहे."

मी शाबास म्हणालो. वाक्य बरोबर आलं की टाळ्या वाजवायच्या, हा वर्गाला मीच लावलेला नियम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बसली. तिचे डोळे कोरडे होते. त्यानंतर ती वर्गात बोलली नाही, आणि वर्ष संपल्यावर बापानं तिला शाळेतून काढलं.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. मावशीला सांगावं, तिची माफी मागावी, म्हणून उन्हाळ्यात रामाकोन्याला गेलो. ती खाटेवर होती, दम लागलेला. मला ओळखून उठायला लागली. मी नको म्हणालो. मी तोंड उघडण्याआधीच तिनं विचारलं, "गुरुजी, ते माय गेलेली पोरगी रडली का?"

"रडली," मी म्हणालो. "खूप रडली."

"मंग बरं झालं."

तिनं डोळे मिटले आणि लेकीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. मी तो चहा पूर्ण प्यालो. आठ दिवसांत ती गेल्याचा निरोप आला.