पोरीनं वाचेल असंल

शेवाळेकाका कुठलाही प्रबंध शेवटाकडून वाचायला घ्यायचे. नाशिकच्या आमच्या कॉलेजात ते ग्रंथालय परिचर होते. शिक्षण बारावी, गाव सटाण्याकडचं, त्यामुळे बोलण्यात 'वाचलेलं'चं 'वाचेल' व्हायचं. संशोधन करणारं कुणी मसुदा घेऊन टेबलाशी बसलं, की काकांचा हात पुढे आलाच. सुरुवातीची पानं बाजूला सारून ते थेट संदर्भसूची उघडायचे आणि कानावरची पेन्सिल काढून म्हणायचे, "जेवण कसं झालं ते नंतर सांग. आधी भाजी कुठून आणली ते दाखव."

मग यादी घेऊन कपाटांकडे जायचे. पुस्तक सापडलं, दिलेलं पान बरोबर निघालं, की त्या नोंदीपुढे बारीकशी खूण. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. काही प्राध्यापक त्यांची टिंगलही करत. मीही केली आहे.

माझा विषय होता सुरगाणा-पेठकडून द्राक्षबागांत मजुरीला येणारी कुटुंबं. प्रबंध चार दिवसांत सादर करायचा होता, कारण मनमाडच्या एका कॉलेजात मुलाखत होती आणि तिथे सादर केल्याची पावती दाखवावी लागणार होती. ती नोकरी मला हवीच होती. अशा वेळी काका एक जुनाट पाहणी-अहवाल घेऊन समोर उभे राहिले.

"यातलं एकशे बारावं पान दिलंय तू. वाचेल हाय का?"

"हो, काका."

त्यांनी अहवाल माझ्यापुढे उघडला. छपाईनंतर त्याची पानं कुणी कापलीच नव्हती, ती कडेला जोडलेलीच होती. "मग कागदाच्या आत शिरून वाचलं का?"

तो संदर्भ मी एका जुन्या प्रबंधातून जसाच्या तसा उचलला होता. सगळेच उचलतात, अशी मनाची समजूतही घातली होती. काकांनी स्टीलची पट्टी पुढे केली. "काप."

कापलं आणि वाचलं. जमीन नापीक म्हणून माणसं गाव सोडतात, असं मी लिहिलं होतं. तिथे लिहिलं होतं की भात-नागली घरात आल्याशिवाय कुणी गाव सोडत नाही. सोडतात ते विहिरी आटल्यावर. माझं तिसरं प्रकरण अख्खं त्या नापीक जमिनीवर उभं होतं.

"काका, चार दिवसांत द्यायचंय हो!"

"दे ना. कोन नाय म्हणतंय? पण उद्या तिकडचीच एखादी पोर इथं शिकायला आली, तुझं वाचलं, आन् म्हणली, माझ्या बापाच्या जमिनीला नापीक का लिहिलं, तर काय सांगशील?"

मी प्रबंध दिला नाही. प्रकरण पुन्हा लिहायला तीन महिने गेले, मनमाडची जागा गेली. काकांचा मला भयंकर राग आला होता. कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र रोज माझ्या टेबलावर नवी पुस्तकं ठेवून जात, पानापानांत कागदाचे कपटे घालून.

पुढे याच कॉलेजात मला नोकरी लागली. काका निवृत्त होऊन गावी गेले आणि गेल्या हिवाळ्यात वारले. हल्ली विद्यार्थी मोबाइलवरून संदर्भ आणतात. त्यांतली काही पुस्तकं या जगात कुणी लिहिलेलीच नसतात. मग मी आवाज चढवते, "वाचलंय का?"

परवा असंच एकीला झापलं आणि नमुना दाखवायला म्हणून कपाटातून माझाच प्रबंध काढला. मागची पानं उघडली. ओळीओळीपुढे पेन्सिलीच्या खुणा होत्या. मी सादर केल्यानंतरही काकांनी सगळी यादी पुन्हा तपासली होती. एकाच नोंदीपुढे खूण नव्हती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "आपल्याकडं नाय. पण पोरीनं वाचेल असंल."

ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं.

समोरची मुलगी वही उघडून उभी होती. तिला मी नंतर यायला सांगितलं. पुस्तक आता मुंबईच्या एका ग्रंथालयातून मागवलं आहे. येईल तेव्हा आधी वाचेन. त्या ओळीपुढची खूण मात्र मला करता येणार नाही, ती काकांचीच होती.