बंड्याचं सुतक

तमाम भाईंदरकरांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, एका सकाळी केबिन रोडवरच्या माझ्या दवाखान्यात लोणच्याच्या बरणीतून एक पेशंट दाखल झाला. त्याला आठ पाय होते, अंगभर केस होते आणि घरात सुतक होतं. त्यानंतरचे दोन दिवस काय चाललंय ते कोणालाच कळत नव्हतं. त्यात आघाडीवर मी होते.

मी जनावरांची डॉक्टर. कुत्री, मांजरं, फार तर एखादा रुसलेला पोपट. बरणी टेबलावर ठेवली ती सुलभाकाकूंनी. त्यांच्या मांजरीला मीच इंजेक्शनं द्यायचे, म्हणून हक्काने आल्या होत्या. मागे अरविंदकाका उभे राहून मनगट कराकरा खाजवत होते.

"हा बंड्या," काकू म्हणाल्या. "भावोजींचा."

काकांचा धाकटा भाऊ विश्वास भाईंदरच्याच खारी गावात एकटा राहायचा. लग्न केलं नाही, टॅरँट्युला पाळला. टॅरँट्युला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. विश्वास अचानक गेला. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. काकांनी कबूल केलं, तुझं घर भाड्याने देणार नाही. कावळा ढिम्म. तुझी स्कूटर विकणार नाही. कावळ्याने मान वळवली. शेवटी काकू पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "भावोजी, तुमचा बंड्या मी सांभाळीन. काही कमी पडू देणार नाही."

"आणि तो मेला लगेच आला," काका म्हणाले. "कावळा."

आता दिलेला शब्द मोडायचा तर कुठल्या तोंडाने, हा काकूंचा प्रश्न होता. विश्वासची काचपेटी टेम्पोत फुटली, म्हणून बंड्याची रवानगी बरणीत झाली होती. घरात याहून मोठं झाकणाचं काही नव्हतं.

मी आत जाऊन फोनवर पटापट वाचलं आणि सगळं माहीत असल्यासारखी बाहेर आले. "बरणी उंच आहे. हा जमिनीवरचा कोळी. काचेवर चढला आणि पडला तर पोट फुटून जातो." मग भाजीवाले वापरतात तसला बसका प्लास्टिकचा डबा आणवला, झाकणाला भोकं पाडली, तळाला कुंडीत घालतात तो नारळाचा भुसा, पाण्याची उथळ वाटी, लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा. बरणी आडवी केली आणि रंगाच्या मऊ ब्रशने बंड्याला मागून हळूच ढकललं. तो डब्यात असा गेला, जणू फ्लॅट त्यानेच बुक केला होता.

"मला चावलाय का तो?" काकांनी मनगट पुढे केलं.

"नाही. घाबरला की पोटावरचे केस झटकतो. त्याने खाज येते."

"तो घाबरला? तो?"

मग मी खाण्याचा विषय काढला आणि तिथे फसले. "जिवंत रातकिडे द्यायचे. नाहीतर झुरळं."

काकूंचा चेहरा बदलला. "तेराव्यापर्यंत नाही."

"काकू, तो कोळी आहे."

"असू दे. राहतो कोणाच्या घरात? भावोजींना जाऊन पंधरवडा नाही झाला. आमच्या घरात अजून मच्छीचा वास नाही आणि हा झुरळं खाणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळणार कसं?"

"मला कळेल ना. काल दहीभात ठेवला होता. नाही शिवला. भावोजी गेल्यापासून त्याने अन्न सोडलंय हो."

टॅरँट्युला आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो, एवढं मघाशी वाचलं होतं. म्हणून वाद सोडला. फक्त दहीभात बंद करायला सांगितला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. आवाज बसलेला. "डॉक्टर, आटपलं."

मी गेले. घरात लाडू वळलेले, उसन्या पातेल्यांचा ढीग, आणि मधोमध टीपॉयवर बंड्याचा डबा. बंड्या उताणा. आठही पाय आकाशाकडे. शेजारी काका कुंडीतलं खुरपं आणि पांढरा रुमाल घेऊन तयार बसलेले.

"मीच उपाशी मारला," काकू म्हणाल्या. "कावळ्यासमोर शब्द दिला आणि दोन दिवस नाही पाळता आला."

मी सवयीने स्टेथोस्कोप काढला. मग लक्षात आलं, याला लावायचा कुठे? कोळ्याची नाडी कुठे असते हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. तरी कानात अडकवला, कारण दोघं माझ्याकडे बघत होते. चिमट्याने उचलून बघावं म्हणून हात पुढे केला, पण धीर होईना. शेवटी गॅलरीत जाऊन माझ्या एका मित्राला फोन लावला. तो एक्झॉटिक्सवाला डॉक्टर आहे, म्हणजे कुत्रं-मांजर सोडून उरलेली दुनिया बघतो.

"पाय आत मुडपलेत की पसरलेत?" त्याने विचारलं.

"पसरलेत."

"मग मेला नाहीये. मेलेल्याचे पाय पोटाखाली मुडपतात. हा कात टाकतोय. त्याआधी खाणं सोडतातच. हात लावलास का?"

"छे." जन्मात इतक्या वेगाने उत्तर दिलं नसेल.

"लावू नकोस. आत्ता अंग लोण्यासारखं मऊ असतं, धक्का लागला तर संपला. आणि डब्यात एखादं झुरळ, रातकिडा सोडला असेल तर आधी बाहेर काढ. या अवस्थेत तेच त्याला कुरतडतात."

मी आत जाऊन जाहीर केलं की मयत जिवंत आहे. काकांनी खुरपं खाली ठेवलं, रुमाल मात्र हातातच ठेवला. त्यांचा माझ्यावरचा विश्वास तेवढाच होता. मग आम्ही तिघं जमिनीवर बसून डब्यात बघत राहिलो. दुपार गेली. चहा झाला. शेजारीण पातेलं द्यायला आली, तिला काकूंनी तोंडावर बोट ठेवून दारातूनच परत पाठवलं.

आणि एक पाय हलला. मग दुसरा. हातमोज्यातून बोटं काढावीत तसे एकेक पाय जुन्या कातडीतून बाहेर सरकायला लागले.

"अगं, दोन झाले," काका म्हणाले. "बाळंत झाला."

दुसरा बंड्या रिकामा होता. नुसती कात, पण केसांसकट हुबेहूब. खरा बंड्या शेजारी ओलसर, नवाकोरा, दमून पडलेला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि कोणाला न सांगता देवापाशी जाऊन आल्या.

मित्राच्या सांगण्यावरून मी ती कात चिमट्याने अलगद काढली, पाण्यात उलगडली आणि आतल्या बाजूचा फोटो त्याला पाठवला. कातीवरून नर की मादी ते कळतं. उत्तर आलं.

या प्रकरणातून मी जे शिकले ते इतकंच: उताणा पडलेला पेशंट गेला असं धरून चालू नये, आणि आपल्याला काही कळत नसेल तेव्हा हात पाठीमागे बांधावेत. माझा सल्ला ऐकला असता तर डब्यात झुरळं फिरत असती. बंड्या वाचला तो सुतकामुळे. हे मी काकूंना सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

"अजून एक," मी म्हटलं. "बंड्या बाई आहे. आणि बाया जास्त जगतात. अजून पंधरा-वीस वर्षं आरामात काढेल."

काकू सत्तरीला टेकलेल्या, काका पंचाहत्तरीच्या पुढचे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काकांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या दोघांचं तेरावं हीच घालणार."