मावशींच्या बातमीत माझी चूक

मंडळी, आज ब्लॉगवरची माझी पहिलीच बातमी दुरुस्त करावी लागली आणि तरी मी खुश आहे!

कॉलेजात आम्हाला इंटरनेटवर बातमी लिहायला शिकवतायत. त्यासाठी मी खाडीकाठच्या मुर्धा गावात मासळी विकणाऱ्या एका मावशींशी बोलले होते. आज दुपारी ती बातमी दाखवायला हौसेने त्यांनाच सायबर कॅफेत नेलं.

स्क्रीनवर स्वतःचा फोटो बघून त्या आधी लाजल्या. मग मी बातमीतलं त्यांचं वाक्य वाचून दाखवलं, "खाडीत आता पूर्वीप्रमाणे मासळी उपलब्ध नाही."

"ह्ये कोन बोललं?"

"तुम्हीच, मावशी."

"मी आसं कवा बोलले? मी बोलले, खाडीत आता मावरा न्हाय ऱ्हायला. तुजं ह्ये वाचून लोक मला बोलतील, कोन ही मास्तरीन!"

मला इतकी लाज वाटली! बातमी 'चांगली' दिसावी म्हणून मीच त्यांचं बोलणं बदललं होतं. तिथेच वाक्य बदललं आणि खाली चूक सुधारल्याची नोंद टाकली.

मावशींनी पुन्हा वाचायला लावलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "आता मी हाय, पोरी."

छापील पेपरात हे लगेच जमलं नसतं.

तुम्ही आपल्या माणसांबद्दल लिहिताना त्यांची बोली तशीच ठेवता, की माझ्यासारखी पुसून टाकता?